आग, विस्तव, जाळ, अग्नी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधनाच्या कामात पडल्यापासून शब्दांबद्दलचे फोन रोजचेच झाले आहेत. त्यांत आगीच्या कुळातले शब्द फार येतात. बातमीदार विचारतात, अनुवादक विचारतात, भाचरंही विचारतात. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन ओळींत संपली, काही लांबली. विस्तवाचं सर्वांत लांबलं, कारण त्या शब्दावर माझा जीव आहे.

आग, अग्नी, विस्तव, जाळ हे सगळे एकाच अर्थाचे शब्द आहेत ना?

शाळेतल्या समानार्थी शब्दांच्या यादीत ते एका ओळीत बसवलेले असतात, म्हणून तसं वाटतं. पण एकाच्या जागी दुसरा ठेवून पाहा. ‘कापसाच्या गोदामाला अग्नी लागला.’ ‘वडिलांच्या चितेला आग लावली.’ ‘शेजारणीकडून जाळ मागून आण.’ तिन्ही वाक्यं कानाला खटकतात, आणि मधलं तर ऐकवत नाही.

आग लागते, पसरते, भडकते, आटोक्यात येते. ती माणसाच्या हातून सुटलेली असते, नाहीतर सुटेल अशी धास्ती असते. विस्तव घरचा, पाळलेला. तो मागतात, देतात, फुंकतात, राखेखाली झाकून ठेवतात. जाळ म्हणजे वर उठणारा, डोळ्यांना दिसणारा. चुलीत जाळ घालतात, दूध उतू जायला लागलं की जाळ मागे ओढतात. अग्नी साक्षीला असतो, आहुती घेतो, शेवटी माणसाला नेतो.

सीमा अगदी पक्क्या नाहीत. शेकोटीला कोणी आग म्हटलं तर चूक म्हणता येणार नाही. पण शब्द निवडताना मी आधी एवढंच बघते, की ही आग कोणाच्या ताब्यात आहे. बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं. लिंगाचं म्हणाल तर ती आग. बाकीचे तिघे पुल्लिंगी.

‘आग’ हा शब्द मराठीत कसा आला?

संस्कृत अग्नि, प्राकृत अग्गि, जुन्या मराठीत आगी आणि आता आग. वाटेत लिंग बदललं, पुल्लिंगी अग्नीची स्त्रीलिंगी आग झाली. शेवटची ‘ई’ गळाली असं आपण म्हणतो, पण ती पूर्ण गेलेली नाही. विभक्तीचा प्रत्यय लावला की ती परत येते. आपण ‘आगेत’ म्हणत नाही, ‘आगीत’ म्हणतो. भित्तीची भिंत झाली, मुष्टीची मूठ झाली, म्हणून भिंतीत, मुठीत. याउलट इष्टकेची वीट झाली आणि जिह्वेची जीभ, म्हणून विटेवर, जिभेवर. मूळ शब्द इकारान्त होता की आकारान्त, हे मराठी माणूस व्याकरण न शिकता रोज बरोबर बोलतो. मला याचं दर वेळी नव्याने नवल वाटतं.

ऋग्वेदाचा पहिला शब्द अग्नीच आहे: अग्निमीळे पुरोहितम्. त्या पहिल्याच चरणात ‘ळ’ आहे, आणि जाळ, ज्वाळा, जळण, होळी या आपल्या शब्दांत तो ‘ळ’ आजही नांदतो.

‘त्या दोघांत विस्तव जात नाही’ म्हणजे नक्की काय? विस्तव कुठून कुठे जातो?

हा प्रश्न एका विशीतल्या मुलाने विचारला आणि माझ्या लक्षात आलं की तो ‘जाणे’ या क्रियापदापाशी अडला होता. त्याच्या कानाला ‘लाइट गेली’ सवयीचं. त्यामुळे ‘विस्तव जात नाही’ म्हणजे ‘दोघांमधली आग विझत नाही’ असा त्याने अर्थ लावला. एकूण भाव साधारण तोच निघतो, पण चित्र पार वेगळं आहे. इथे जाणं म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात जाणं.

माझ्या आजीच्या घरी चूल होती. रात्री जेवणं उरकली, की ती मोठी लाकडं मागे ओढून पाणी शिंपडून विझवायची, चुलीतले निखारे एका कोपऱ्यात गोळा करायची, त्यावर गोवरीचा तुकडा ठेवायची आणि वरून राख लोटायची. पहाटे राख बाजूला केली की आत लालबुंद जीव असायचा. मग पाचोळा, दोन चिपाडं, फुंकणीने तीन-चार फुंकरा, आणि जाळ. काड्यापेटी घरात होतीच, पण काडी ओढायची ती देवाच्या दिव्याला. चुलीसाठी काडी खर्चणं तिला उधळपट्टी वाटे.

एखाद्या रात्री राख कमी पडायची, नाहीतर ओल लागायची, आणि सकाळी कोपरा थंड. मग मला शेजारी पिटाळायची. हातात गोवरीचा तुकडा घेऊन दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, “काकू, आजीनं इस्तू मागितलाय.” गावाकडे विस्तव असा कोणी म्हणत नसे, इस्तूच. काकू चिमट्याने एक निखारा गोवरीवर ठेवायच्या. परत येताना एका हाताचा आडोसा करून, अधूनमधून फुंकर घालत, पण पळायचं नाही असं चालायचं. पळालं तर ठिणगी अंगावर उडते, रेंगाळलं तर वाटेतच विझतो.

आता तो वाक्प्रचार पुन्हा वाचा. पीठ, साखर, पैसे उसने न देणारी माणसंही विस्तव द्यायची. दिल्याने देणाऱ्याचा काही कमी होत नाही. दोन घरांत तोही जाईनासा झाला, म्हणजे बोलणं, देणंघेणं, पोरांची ये-जा, सगळं आधीच तुटून गेलेलं आहे. म्हणून हा वाक्प्रचार जपून वापरावा. दोन खेळाडू मैदानात एकदा एकमेकांना काही बोलले, की दुसऱ्या दिवशी ‘दोघांत विस्तव जात नाही’ असा मथळा येतो. ते मला पटत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाऊबंदकीसाठी तो ठेवावा.

आणखी एक. वाक्प्रचारात ‘विस्तव’च हवा. ‘दोघांत आग जात नाही’ असं छापलेलं मी पाहिलं आहे.

निखारा, ठिणगी, अंगार, आर यांत फरक काय?

निखारा म्हणजे ज्याची ज्वाळा गेली आणि लाली राहिली असा पेटता कोळसा. निखाऱ्यांचा थर चुलीच्या तोंडाशी ओढला की त्याला आर म्हणतात. भाकरी तव्यावरून काढून त्याच्यावर उभी धरली की फुगते, वांगं त्यात पुरलं की भरताचं होतं. ठिणगी उडते, पडते, तिला वजन नाही.

अंगार हा शब्द आता बोलण्यात कमी आणि कवितेत, घोषणांत जास्त. त्याच्याच पोटचा अंगारा मात्र घरोघरी आहे, पण तो चक्क राख आहे! मूळ अर्थ पेटता कोळसा, आणि आपण कपाळाला लावतो ती थंड राख. धुनीतून, धुपाटण्यातून आली म्हणून नाव टिकलं. शिर्डीला साईबाबांच्या धुनीतल्या राखेला उदी म्हणतात. तीही याच घरची.

अस्तनीतला निखारा म्हणजे?

अस्तनी म्हणजे बाही, फारसी आस्तीनवरून आलेला शब्द. आपला म्हणून जवळ बाळगलेला माणूसच घात करतो, तेव्हा म्हणतात. हिंदीत बाहीमध्ये साप असतो, मराठीत निखारा. मला आपला जास्त पटतो. साप चावला की लगेच कळतं. निखारा आधी नुसता ऊबदार वाटतो.

जाळ आणि जाळं यांचा संबंध आहे का?

नाही. तो जाळ ज्वाळेच्या घरचा. ते जाळं कोळ्याचं, मासे पकडायचं, संस्कृत जालावरून आलेलं. गोंधळ होतो तो सामान्यरूपात, कारण ‘जाळात’ आणि ‘जाळ्यात’ यांत फरक फक्त अर्ध्या ‘य’चा. ‘मासा जाळात सापडला’ असं छापून गेलं, तर तो भाजला असा अर्थ होतो. आणि ‘कानाखाली जाळ काढीन’ यातला जाळ पहिलाच, ज्याने कानशील तापतं तो.

धग, झळ, आच, ऊब, शेक, चटका: कुठे काय वापरायचं?

आगीपासून तुम्ही किती लांब आहात आणि किती वेळ आहात, त्यावर.

चटका स्पर्शाचा, आणि क्षणाचा. तव्याला बोट लागलं, चटका बसला. म्हणूनच अकाली गेलेल्या माणसाबद्दल ‘चटका लावून गेला’ म्हणतात. दीर्घ आजारानंतर नव्वदीत गेलेल्या आजोबांबद्दल ते शोभत नाही.

धग लांबून लागते आणि एकसारखी लागत राहते. भट्टीसमोर उभं राहा, होळीभोवती प्रदक्षिणा घाला, तोंडाला लागते ती धग. झळ वाऱ्याबरोबर येते. चैत्र-वैशाखात दुपारी दार उघडलं की तोंडावर येते ती. ती आगीजवळ नसलेल्यालाही गाठते, म्हणून महागाईची झळ, दुष्काळाची झळ, युद्धाची झळ. ‘दुष्काळाची धग’ही लिहितात, आणि तेही बरोबर आहे, पण तेव्हा आपण दुष्काळाच्या आत उभे असतो. मुंबईतल्या ग्राहकाला भाजी महाग मिळाली, तर त्याला झळ पोचली. ज्याची विहीर आटली, तो धग सोसतो आहे.

आच स्वयंपाकघरातली. मंद आचेवर बासुंदी आटवतात, जास्त आच लागली तर तळाला लागते. ‘प्रतिष्ठेला आच येऊ दिली नाही’ यातही तीच. ऊब म्हणजे हवीहवीशी, गोधडीची, आईच्या कुशीची, सायीखालच्या दुधाचीही. शेक मुद्दाम द्यायचा असतो. गुडघ्याला, बाळ-बाळंतिणीला, पापडाला.

याच घरातला ताव म्हणजे धातूला दिलेली उष्णता. ‘तावून सुलाखून निघणे’ हा सोनार-सराफांचा वाक्प्रचार. धातू तापवून बघायचा, मग भोक पाडून आतून तो खराच आहे ना हे बघायचं. नुसतं तापणं पुरत नाही, आतपर्यंत तपासलं जावं लागतं. कालच्या मुलाखतीत निवड झालेल्या उमेदवाराला ‘तावून सुलाखून निघालेला’ म्हणू नये.

दिवा विझवला म्हटलेलं घरात का चालत नाही?

कारण ‘घराण्याचा दिवा विझला’ म्हणजे वंश खुंटला. दिवा मालवतात, समई शांत होते. जुन्या घरांत आजही कोणी ‘दिवा विझव’ म्हणालं, तर आजी-आत्याबाई तिथल्या तिथे टोकतात. अंधश्रद्धा म्हणून सोडून देण्याआधी एवढं बघा, की या एका भीतीपोटी मराठीला ‘मालवणे’सारखं सुंदर क्रियापद मिळालं आहे.

पेटवण्याचेही प्रकार आहेत. चूल पेटवतात, दिवा लावतात, निखारे फुलवतात, विडी शिलगावतात, होमाचा अग्नी प्रज्वलित करतात. ‘दिवा पेटवला’ हे हल्ली सर्रास ऐकू येतं, तरी तिन्हीसांजेला दिवा लावायचाच असतो. ‘घराला दिवा लावला’ आणि ‘घराला आग लावली’ यांत क्रियापद एकच आहे, हेही ध्यानात ठेवण्यासारखं.

धुमसणे आणि धगधगणे एकच का?

उलटे आहेत. धगधगणारं दिसतं. धुमसणारं दिसत नाही, धूर सोडत आत खात राहतं. कापसाच्या गठ्ठ्यांची आग धुमसते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर तेच झालं. जहाजात कापूस होता आणि दारूगोळाही. दुपारी कापसातून धूर दिसला, पाणी मारत राहिले, पण आतली आग हाती लागेना. चारनंतर जहाज फुटलं, थोड्या वेळाने पुन्हा फुटलं, आणि गोदी उद्ध्वस्त झाली. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून देशभर पाळतात. ‘असंतोष धुमसत होता’ असं लिहिताना मला नेहमी ते कापसाचे गठ्ठे आठवतात. बातमीत हा शब्द खऱ्या ताकदीने यायला हवा.

मराठीत रागासाठी इतकी आग का?

रागासाठीच नाही, भुकेसाठी आणि मत्सरासाठीही. भूक लागली की पोटात आग पडते. मत्सर वाटला की माणूस जळतो, जळफळतो, आणि स्वभावच तसा असेल तर त्याला जळकुकडा म्हणतात. शरीराची आग निराळी: मिरची चोळली गेली की हातांची आग होते, जागरणाने डोळ्यांची आग होते. इथे ‘होते’ हे क्रियापद महत्त्वाचं. डोळ्यांना आग ‘लागत’ नाही.

रागाला मात्र दिशा आहे. तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणजे जाळासारखी खालून वर चढते. अंगाची लाही लाही होते: लाही म्हणजे तापल्या भट्टीत फुटलेला दाणा. आणि आगपाखड. पाखडणे ही सुपाची क्रिया आहे. धान्य वर उडवायचं, दाणा सुपात परत घ्यायचा, फोल समोर उडू द्यायचं. त्या सुपात धान्याच्या जागी आग घाला आणि समोर कोण उभं आहे ते बघा. एका शब्दात एवढं चित्र! म्हणून ‘टीका केली’ एवढंच झालं असेल तिथे आगपाखड लिहून तो शब्द झिजवू नये.

याच आगीचं चांगलंही होतं. ‘अन्याय बघून ती पेटून उठली’ यात कमीपणा नाही, मानच आहे. आणि आगलाव्या, काड्या घालणारा, आगीत तेल ओतणारा, यांना मान कधीच नाही.

‘आगडोंब’ कधी लिहावा?

खूप मोठा विध्वंस असेल तेव्हा. एका दुचाकीला आग लागली, तर तो आगडोंब नव्हे.

आगगाडीत आग कुठे असते?

इंजिनात असायची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तेव्हा बैल नाही, घोडा नाही, आणि पुढे कोळसा जळतो आहे, हे बघणाऱ्याने तिला दुसरं काय म्हणावं? पाण्यावर चालणारी ती आगबोट, रुळांवर चालणारी ती आगगाडी. लहान मुलांच्या तोंडी आणि गावाकडे आगीनगाडी. डिझेल आलं, वीज आली, आग गेली, तरी शब्द राहिला. कोकण किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर तो शब्द मात्र गेला. आगपेटीची बहुतेक घरांत काड्यापेटी किंवा काडेपेटी झाली.

बंब पाणी तापवायचा की आग विझवायचा?

दोन्ही. न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा: मधल्या नळीत जळण, भोवती पाणी, खाली राख पडायला जागा. आणि आग विझवायला येतो तोही बंबच. पोर्तुगीजमध्ये पंपाला बोंबा म्हणतात, आग विझवणाऱ्याला बोंबेइरो. आपला बंब तिथूनच किनाऱ्याला लागला. म्हण तर तुम्हाला माहीत असेलच: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. संकट एकीकडे, उपाय भलतीकडे. फोनवर पत्ता सांगताना गडबड होते, तेव्हा ही म्हण शब्दशः खरी ठरते. आग लागली तर १०१ किंवा ११२ लावा आणि आधी गल्ली सांगा, मग काय पेटलंय ते.

आगीतून फुफाट्यात यातला फुफाटा म्हणजे काय?

वरून राख दिसणारी, आतून पोळणारी गरम धूळ. उन्हाने तापलेल्या कच्च्या रस्त्यावरच्या बारीक धुळीलाही फुफाटा म्हणतात. अनवाणी चालणाऱ्याला त्याची ओळख सांगावी लागत नाही. फसवणूक इथेच आहे. आग दिसते म्हणून माणूस पळतो, आणि जिथे पाय टेकवतो तिथे काही दिसत नाही.

टेंभा मिरवणे, दिवटे चिरंजीव: हे शब्द उजेडाचे असून वाईट अर्थाचे कसे?

टेंभा म्हणजे मशाल, दिवटी म्हणजेही मशालच. मिरवणुकीत टेंभा धरणारा पुढे असतो, सगळ्यांत आधी तोच दिसतो, पण मिरवणूक त्याची नसते. म्हणून दुसऱ्याच्या किंवा नसलेल्या मोठेपणाचा टेंभा मिरवतात. आणि घराण्याचा दीपक व्हावा अशी आशा असलेला मुलगा भलताच निघाला, की तो दिवटा.

याच कुळात चांगले शब्दही आहेत. काकडा म्हणजे पीळ दिलेल्या कापडाची जाड वात, पहाटेची काकडआरती त्यावरून. गोंधळात नाचवतात तो भवानीचा पोत, तोही पेटताच. आणि चकमक! गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी काढायचं ते साधन, तुर्कीतून आलेलं. दोन सैन्यांची चकमक झडते, सभागृहात शाब्दिक चकमक होते, ती याच अर्थाने: घासाघीस झाली, ठिणग्या उडाल्या, वणवा पेटलेला नाही. मोठ्या लढाईला चकमक म्हणू नये.

इंग्रजीतल्या ‘फायर’चं मराठी करताना अडायला होतं. काय करावं?

आधी आग विसरावी. बंदुकीची गोळी झाडतात, बार काढतात, बरेच जण झाडत असतील तर गोळीबार होतो, तोफ डागतात, बाण सोडतात. मालवाहू ट्रकचं इंजिन ‘फायर होत नाही’, तर मेकॅनिकही ‘गाडी उचलत नाही’ म्हणतो, तेच लिहावं.

नोकरीवरून काढलं तर बडतर्फ केलं, काढून टाकलं, डच्चू दिला, किंवा नारळ दिला. नारळ देणं हे खरं तर सन्मानाने निरोप देण्याचं; त्यामुळे ‘तिला अपमान करून नारळ दिला’ असं लिहिताना थोडा विचार करावा. ‘फायर केलं’ तरुण बोलतात, आणि त्यांच्या संवादात ते तसंच ठेवावं. कार्यालयात वाढलेल्या पोराच्या तोंडी ‘बडतर्फ’ घातलं तर तो संवाद खोटा होतो.

जाळपोळ, होळी, दहन यांत काय लिहावं?

हा सर्वांत जबाबदारीचा प्रश्न. घटना तीच असते, पण शब्द तुमची बाजू सांगून जातो.

जाळपोळ हा गुन्हा आहे. दुसऱ्याचं जाळलं, दहशतीसाठी जाळलं. होळी हा निषेध आहे, चार माणसं बोलावून, घोषणा देऊन, स्वतःचं जाळलेलं. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कपड्यांची होळी झाली, तिला कोणी जाळपोळ म्हणत नाही. दहन गंभीर आहे, विधीसारखं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात मनुस्मृतीचं दहन झालं. तिथे ‘जाळली’ लिहिणारा केवळ क्रिया सांगतो. ‘दहन’ लिहिणारा त्यामागचा निर्धार आणि विचारपूर्वक केलेली कृतीही सांगतो. मी तिथे कायम दहनच ठेवते.

एसटीची बस पेटवली, तर मात्र ती जाळपोळ. आंदोलनाची बाजू कितीही न्याय्य असली तरी.

अग्नी की अग्नि?

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार तत्सम इकारान्त शब्द सुटा असेल तर दीर्घ: अग्नी, कवी, बुद्धी. समासात पहिलं पद असेल तर मूळचं ऱ्हस्व: अग्निशमन, अग्निबाण, अग्निदिव्य, अग्निसाक्षी. प्रत्यय लागला की पुन्हा दीर्घ: अग्नीला, अग्नीत. क्षेपणास्त्राचं नावही मराठीत अग्नी. ‘अग्नीशमन दल’ असं लिहिलेल्या पाट्या पुष्कळ आहेत. एका इमारतीच्या जिन्यात तर खाली ‘अग्नीशमन’ आणि वर ‘अग्निशमन’ होतं. व्यवस्थापकांना दाखवलं, त्यांनी आनंदाने बदललं.

अनल की अनिल?

अनल आग, अनिल वारा. दावानलात अनल आहे. जुना दव किंवा दाव म्हणजे रानातली आग. वनदवाचाच आपला वणवा झाला.

आगर, आगरी, आगाऊ यांत आग आहे का?

नाही. आगर म्हणजे मिठाचं किंवा नारळी-पोफळीचं, आगरी त्यावरून. आगाऊ म्हणजे पुढचा. पण आग्यामोहोळात आहे, कारण त्या माशीच्या डंखाने आग होते. आग्यावेताळात आहे. आग्नेय दिशेत तर खुद्द अग्नीच आहे, तो त्या दिशेचा स्वामी. ‘आग्नेय आशिया’ म्हणताना आपण त्याचं नाव घेतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे तोही अग्निज, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचा थिजलेला.

राब ‘जाळतात’ की ‘भाजतात’?

भाजतात. कोकणात आणि मावळात पावसाळ्याआधी भाताच्या रोपांसाठी जागा तयार करतात. त्यावर शेण, पाला, डहाळ्या, गवत यांचे थर द्यायचे, वरून माती पसरायची, आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन हळूहळू पेटू द्यायचं. तणाचं बी मरतं, राख मातीला मिळते. त्याला राब भाजणं म्हणतात. शेतकरी स्वतःची जमीन जाळत नाही, भाजतो, भाकरीसारखी. बाहेरचा माणूस ‘शेतकऱ्यांनी जमीन जाळली’ लिहितो, तेव्हा एका शब्दाने तो त्याला अडाणी ठरवतो.

वणव्याचं तसं नाही. नवं गवत चांगलं येतं या समजुतीने सह्याद्रीत उन्हाळ्यात डोंगर पेटवले जातात, आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, कोवळी रोपं, सरपटणारे जीव सगळं जातं. तिथे ‘वणवा लागला’पेक्षा, खात्री असेल तर, ‘वणवा लावला’ लिहावं.

अंत्यसंस्काराच्या बातमीत काय लिहावं?

मंत्रांसह असेल तर मंत्राग्नी, मंत्रांविना असेल तर भडाग्नी. माहीत नसेल तर ‘अग्नी दिला’ किंवा ‘अंत्यसंस्कार झाले’. ‘मुखाग्नी’ हिंदीतून आला आहे, मराठीत त्याची गरज नाही. विद्युतदाहिनी असेल तरी ‘अग्नी दिला’ चालतं. घरच्यांना त्या वेळी दुसरा शब्द सुचत नाही, आणि सुचायलाही नको.

अग्निदिव्य हा नुसता अलंकार आहे का?

एके काळी न्यायाची पद्धत होती. मराठेशाहीच्या काळात साक्षीपुरावा नसला की दिव्य करायला लावत. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. हात भाजला नाही तर माणूस खरा. आज कोणाला परीक्षेचा ताण आला म्हणून अग्निदिव्य म्हणताना तो हात आठवावा.

आता घरोघरी गॅस आहे. विस्तव हा शब्द कशाला टिकवायचा?

टिकवायचा म्हणून टिकत नाही, लागतो म्हणून टिकतो. गॅसच्या बटणातून जे येतं त्याला विस्तव म्हणता येत नाही, ते खरं. पण धुपाटण्यात ऊद टाकायला तो लागतो, बाळाच्या शेगडीला लागतो, कोळशाच्या इस्त्रीला लागतो.

मागच्या श्रावणात आमच्या कोपऱ्यावर सर आली आणि कणसं भाजणाऱ्या मावशींच्या शेगडीवरची छत्री कलली. निखारे भिजले. त्यांनी पुठ्ठ्याने वारा घालून पाहिला, नुसता धूर. मग त्या उठल्या, पाटी हातात घेतली आणि शेजारच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी गेल्या. “दादा, जरा इस्तू द्या.” त्याने इस्त्रीचं झाकण उघडलं आणि चिमट्याने चार निखारे पाटीत टाकले. तो बिहारचा होता. शब्द त्याला कळला होता.